शुक्रवार, सकाळी पावणेनऊ : नभोवाणीचा कार्यक्रमप्रमुख आणि आपली मराठी

१ एप्रिल १९५५ रोजी शुक्रवार होता आणि रामनवमी होती. त्या सकाळी पावणेनऊ वाजता पुणे नभोवाणी केंद्रावरून सुधीर फडके यांच्या आवाजात गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. पुढे १९ एप्रिल १९५६ पर्यंत, म्हणजे एका रामनवमीपासून दुसऱ्या रामनवमीपर्यंत, दर शुक्रवारी नवे गीत आणि शनिवारी व रविवारी त्याच वेळी तेच गीत पुन्हा, असा क्रम अखंड चालला. त्या वर्षी अधिक मास आला होता, त्यामुळे ५२ आठवड्यांचे गणित लांबले आणि गीतांची संख्या ५६ झाली. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्या ओसरीवर आळीतली माणसे जमत, काही जण रेडिओला हार घालीत, असे जुन्या पिढीकडून आपण सर्वांनीच ऐकले आहे.

या वर्षभरात आणखी काय घडत होते, हे सीमाभागातील वाचकाला वेगळे सांगायला नको. तरी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या जात नाहीत, म्हणून सांगतो. गीतरामायण सुरू असतानाच, १९५५ च्या सप्टेंबरअखेर, राज्य पुनर्रचना आयोगाने आपला अहवाल सादर केला. नोव्हेंबरात मुंबईत गोळीबार झाला. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगाव व निपाणी येथे गोळ्या चालल्या आणि ज्यांना आपण दरवर्षी त्या तारखेस अभिवादन करतो ते हुतात्मे पडले. तो मंगळवार होता. मालिका त्या आठवड्यातही चालू होती आणि पुढे तीन महिने चालू राहिली. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होते. रेषा आखली गेली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मालिका संपल्यानंतर सहा महिन्यांनी. त्या काळी आपल्या भाषेच्या वाट्याला आलेल्या अनिश्चिततेत शुक्रवारची पावणेनऊची वेळ तेवढी निश्चित होती. ती वेळ कोणी ठरवली?

गीतरामायणाविषयी बोलताना ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके ही दोन नावे आपण एका श्वासात घेतो, आणि ते योग्यच आहे. तिसरे नाव सीताकांत लाड यांचे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. म्हणजे ते जेमतेम दीड वर्षाचे होते. त्याच्या कार्यक्रमांची धुरा वाहणारे लाड हे माडगूळकरांचे स्नेही. श्रोत्यांचे रंजन होईल आणि त्याबरोबर त्यांच्या पदरी काही पडेल असे काही नवे कवीने नभोवाणीसाठी द्यावे, ही मागणी त्यांची. मागणी करणाऱ्याचे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येत नाही. नभोवाणीत ही मागणी करणे हेच एक काम आहे आणि ते करणाऱ्याची एक खुर्ची आहे. त्या खुर्चीत बसणाऱ्याकडे कोणते गुण असावे लागतात, हे भाषेची चिंता वाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी कधी नीट तपासलेले नाही.

ही खुर्ची आपल्या देशात आली ती फारशा गाजावाजाने नव्हे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. कंपनी खासगी होती. परवान्याच्या शुल्कातील वाटा हे तिचे मुख्य उत्पन्न आणि परवानेधारक फार थोडे. तीन वर्षे पुरी होण्याआधीच, मार्च १९३० मध्ये, ती दिवाळ्यात निघाली आणि सरकारला प्रसारण हाती घ्यावे लागले. पैसा कमी पडला हे खरेच; पण ज्यांच्या घरी रेडिओ परवडत होता त्या मूठभर शहरी आणि इंग्रजाळलेल्या वर्गाकडे पाहूनच कार्यक्रम होत राहिले, हेही तितकेच खरे. ऐकणारा कोण आहे याचा विचार न करता लावलेली वेळ रिकामीच जाते.

१९३५ च्या ऑगस्टअखेर बीबीसीतून लायोनेल फील्डेन नावाचे गृहस्थ दिल्लीला आले. भारतीय प्रसारणाचे ते पहिले नियंत्रक. सरकारी खात्याच्या नोकरशाहीशी त्यांचे जमले नाही आणि १९४० मध्ये ते परतले. पण कार्यक्रम करणाऱ्या माणसाला लागणारी एक धूर्तता त्यांच्यात होती. खात्याचे लांबलचक नाव त्यांना बदलायचे होते आणि सचिवालय दाद देत नव्हते. तेव्हा व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याशी बोलताना त्यांनी आपण अडचणीत असल्याचे दाखवले आणि 'ऑल इंडिया रेडिओ' हे शब्द व्हाइसरॉयांनाच सुचतील असे संभाषण वळवले. सुचले ते व्हाइसरॉयांना, मग हरकत कोण घेणार? ८ जून १९३६ पासून ते नाव रूढ झाले. ही हकीकत फील्डेन यांनीच आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे.

फील्डेन यांच्या काळापासून एक चांगली परंपरा पडली. कार्यक्रमांसाठी लेखणी धरणारी माणसे घेतली गेली. त्यांच्यानंतर प्रमुख झालेले अहमद शाह बुखारी हे 'पत्रस' या नावाने लिहिणारे उर्दूतील नामवंत विनोदकार. त्यांचे धाकटे बंधू झुल्फिकार अली बुखारी मुंबई केंद्राचे संचालक होते. चाळिशीच्या सुरुवातीला दिल्ली केंद्रावर मंटो, कृष्णचंदर, उपेंद्रनाथ अश्क एकाच वेळी कामाला होते. मराठीपुरते पाहायचे तर बा. सी. मर्ढेकर. मराठी कवितेचे वळण बदलणारा हा कवी नोकरीने नभोवाणीचा अधिकारी होता आणि त्याने लिहिलेल्या संगीतिका या नभोवाणीच्या गरजेतूनच आल्या. श्रुतिका, नभोनाट्य, संगीतिका, निवेदन, ध्वनिमुद्रण हे आज सहज वाटणारे शब्द रुळले ते या माणसांच्या रोजच्या वापरातून. पारिभाषिक कोशाची समिती बसण्याआधी केंद्रावरच्या माणसाला संध्याकाळच्या सहा वाजेपर्यंत शब्द हवा असतो, आणि तो माणूस भाषेत मुरलेला असेल तर शब्दही मुरलेला येतो.

पण साहित्यिक वा जाणकार असणे पुरत नाही, याचा पुरावा त्याच काळात मिळाला. हार्मोनियम हे वाद्य परके, त्यावर मींड निघत नाही, श्रुतींचा सूक्ष्म भेद दाखवता येत नाही, असा आक्षेप बरीच वर्षे घेतला जात होता. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फौल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लिहिले होते, आणि आपल्याकडचे कितीएक विद्वानही त्याच मताचे होते. अखेर १ मार्च १९४० पासून नभोवाणीवर हार्मोनियम वाजवण्यास बंदी आली. तीस वर्षे ती टिकली. सत्तरीच्या सुरुवातीस ती काही अटींवर सैल झाली.

आता हा निर्णय आपल्या मुलखात आणून पाहावा. मराठी नाट्यसंगीत पेटीवाचून कोणी कल्पिले होते काय? कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला. बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे यांनी पेटीवादकांच्या पिढ्या घडवल्या. या शहराच्या गायनाच्या बैठकीत पेटी काढून घेतली तर उरले काय, असे विचारावे लागेल. देवळातले भजन, शाळेतली प्रार्थना, तमाशाची बारी, दत्तजयंतीचे कीर्तन, सगळीकडे पेटी. तात्त्विक आक्षेप चुकीचा होता असे मी म्हणत नाही. श्रुतींचा मुद्दा खराच आहे. पण ज्या कानांसाठी कार्यक्रम करायचा, त्या कानांना काय परिचित आहे हे न विचारता दिल्लीत बसून घेतलेला हा निर्णय होता. विद्वत्ता होती, कान नव्हता.

तीच चूक पुढे स्वतंत्र भारतातही झाली, आणि करणारे गृहस्थ आपलेच होते. १९५२ पासून दहा वर्षे माहिती व नभोवाणी मंत्री असलेले बा. वि. केसकर पुण्याचे, संस्कृतज्ञ, शास्त्रीय संगीताचे कट्टर कैवारी. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी जे केले ते मोठे आहे. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्येच सुरू झाला आणि गावोगावच्या माणसांना घरबसल्या थोर गवई ऐकता आले. परंतु चित्रपटगीते त्यांना खपत नसत. ती नभोवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी काय केले? रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. बिनाका गीतमाला त्याच १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली. पाच वर्षे गेल्यावर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, सरकारला विविध भारती काढावी लागली.

सुई फिरवण्याची ही सोय कोणत्याही कार्यक्रमप्रमुखाने विसरू नये अशी आहे. पुस्तक विकत घेतलेले असते, ते माणूस दहा पाने तरी वाचतो. नाटकाचे तिकीट काढलेले असते. रेडिओवर श्रोता काहीही न गमावता उठून जातो, आणि तो गेल्याचे केंद्राला कळतही नाही.

या पार्श्वभूमीवर लाडांचे काम पाहिले की त्यातला विचार दिसू लागतो. चित्रपटगीतांवर वरून डोळे वटारलेले. शास्त्रीय गायन सर्वांना पेलणारे नाही. अशा वेळी मराठी माणसाच्या कानात आधीपासून असलेले दोन प्रवाह, कीर्तन-भजनाचा आणि भावगीताचा, एकत्र आणण्याची वाट या मालिकेने धरली. कवी आणि संगीतकार दोघेही चित्रपटसृष्टीत मुरलेले, म्हणजे चार मिनिटांत प्रसंग उभा करण्याची सवय असलेले. विषय असा, की पुढे काय होणार हे प्रत्येकाला ठाऊक, आणि तरीही कसे होणार याची ओढ लागावी. मालिका पाऊण तासाची केली नाही. वेळ पंधरा मिनिटांची, आणि गीताला आठवड्यात तीन वेळा ऐकू येण्याची संधी. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. शुक्रवारी ऐकलेले गीत शनिवारी ओळखीचे होते आणि रविवारी माणूस बरोबर गुणगुणू लागतो. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता त्यांनाही तीन सकाळींपैकी एखादी सकाळ शेजाऱ्याकडे साधता येई. ध्वनिफिती घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीच्या या काळात, गीत लोकांच्या तोंडी बसवायचे तर हाच उपाय होता.

गायकांची निवडही अशीच. एका आवाजावर मालिका न सोपवता माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, गजानन वाटवे, मालती पांडे, राम फाटक, बबनराव नावडीकर, ललिता फडके असे अनेक आवाज आले. लता मंगेशकरही आल्या. संगीतकाराच्या मनातला आवाज, त्या गायकाची मोकळी तारीख, मानधनाची चौकट आणि घड्याळ, हे सगळे दर आठवड्याला जुळवणे म्हणजे काय, हे एखाद्या गावच्या गणेशोत्सवाचे दहा दिवसांचे कार्यक्रम जुळवलेल्या माणसाला कळेल. येथे आठवडे ५६ होते.

पहिल्या गीताची एक हकीकत प्रसिद्ध आहे. माडगूळकरांनी दिलेला गीताचा कागद फडक्यांकडून हरवला. प्रसारणाची वेळ जवळ आली. पुन्हा लिहून द्या म्हटल्यावर कवी संतापले आणि साफ नकार दिला. तेव्हा लाडांनी त्यांना लेखनसाहित्यासह एका खोलीत घालून बाहेरून कडी लावली आणि गीत झाल्याशिवाय दार उघडणार नाही असे सांगितले. पंधरा मिनिटांत गीत तयार झाले. मराठीत अशा हकिकतींना सांगणाऱ्यागणिक नवा रंग चढतो, तेव्हा ही जशीच्या तशी घडली असा आग्रह धरू नये. पण तिच्यातून एक गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली आहे ती बरोबर आहे. कडी लावण्याचा अधिकार लाडांना हुद्द्याने मिळालेला नव्हता. सरकारी अधिकारी एखाद्या कवीला कोंडू शकत नाही. स्नेही कोंडू शकतो. आणि हा स्नेही कोंडताना हेही जाणून होता, की या माणसाच्या डोक्यात गीत पक्के आहे, कागद फक्त निमित्त. कलावंताच्या लहरीला किती वाकायचे आणि कोठे कडी लावायची, हे ज्याला कळते तो या खुर्चीला पात्र.

याच काळात पुणे केंद्राने दुसरे एक काम केले. त्याचे कौतुक कमी झाले, पण भाषेच्या दृष्टीने ते मला गीतरामायणाच्या तोलाचे वाटते. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, युनेस्कोच्या साहाय्याने, मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांत 'रेडिओ शेतकरी मंडळां'चा प्रयोग झाला. सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत, ऐकून झाल्यावर त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राला लिहून पाठवीत. केंद्र त्यांची उत्तरे पुढील प्रसारणात देई. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले आणि मंडळे नसलेल्या गावांच्या तुलनेत मंडळांच्या गावी लोकांच्या माहितीत स्पष्ट वाढ झालेली त्यांना आढळली. पुढे हा प्रकार देशभर नेण्यात आला.

या केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांसाठी १९५५ पासून कोण बसले होते? 'बनगरवाडी' लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर. माणदेशातला माणूस. ज्या बोलीला छापील मराठीत दोन अवतरणचिन्हांच्या आतच जागा मिळे, त्या बोलीत वाढलेला लेखक ध्वनिक्षेपकाच्या मागे बसला होता. पोस्टकार्डावर आलेल्या प्रश्नातला 'म्हसरं' हा शब्द उत्तरात 'पशुधन' होऊन परत गेला असता, तर पुढचे पोस्टकार्ड आले असते का? भाषा प्रमाण असावी की बोली, हा आपल्या ब्लॉगवरही वारंवार येणारा वाद आहे. कार्यक्रमप्रमुखाला तो दर संध्याकाळी, अर्ध्या तासात, सोडवावा लागतो.

आता आपल्या बाजूला येऊ. रेषा आखली गेली तेव्हा बेळगावच्या हवेत दोन केंद्रे होती. धारवाड केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झालेले, कन्नडचे. आणि पुण्याचे मराठी. पुढे १९६२ च्या जानेवारीत पणजी आणि १९६३ मध्ये सांगली. सरकारी कार्यालयाच्या पाटीवरून भाषा काढता येते, शाळेची तुकडी बंद करता येते. मध्यम लहरी मात्र तपासणी नाक्यावर थांबत नाहीत. घरातल्या रेडिओच्या काचेवर पेन्सिलीने केलेल्या खुणा, एक सांगलीची, एक पुण्याची, आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. परंतु ते कार्यक्रम आपल्यासाठी केलेले नव्हते, आपण ते ऐकत होतो एवढेच. सांगलीच्या शेतीविषयक कार्यक्रमातला बाजारभाव सांगलीचा असे. हा फरक लहान नाही.

धारवाड केंद्राविषयी मात्र आपल्या चळवळीतल्या लिखाणात कधी कधी जो रोष दिसतो, तो मला अपुऱ्या माहितीतून आलेला वाटतो. १९५६ नंतर जवळजवळ दहा वर्षे त्या केंद्राचे साहित्यविषयक सल्लागार होते द. रा. बेंद्रे. कन्नडचे वरकवी, घरात मराठी बोलणारे, सोलापूरच्या महाविद्यालयात अध्यापन करून धारवाडला परतलेले, आणि ज्यांच्या 'संवाद' या मराठी पुस्तकाला न. चिं. केळकर पारितोषिक मिळाले ते बेंद्रे. संगीताचे सल्लागार होते मल्लिकार्जुन मन्सूर. कन्नड भाषेने आपल्या केंद्रावर आपली सर्वोत्तम माणसे बसवली, ही गोष्ट हेवा करण्यासारखी आहे, रागावण्यासारखी नाही. आणि 'आकाशवाणी' हा शब्द? आपण तो इतका आपला मानतो की 'नभोवाणी' आता जुनाट वाटतो. प्रसारणासाठी तो प्रथम वापरला गेला १९३५ मध्ये म्हैसूरला. तेथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरातून चालवलेल्या केंद्राला ते नाव मिळाले, आणि पुढे सगळ्या देशाने ते उचलले. आपण जो शब्द 'त्यांच्या' केंद्रासाठी आणि 'आपल्या' केंद्रासाठी सारखाच वापरतो, तो कन्नड मुलखातून आलेला आहे.

संस्थानी केंद्रांची कथा थोडक्यात सांगतो, कारण बडोदे आणि हैदराबाद येथील वाचक ती माझ्यापेक्षा अधिक जाणतात. बडोदे संस्थानाचे केंद्र १९४८ च्या अखेरीस आणि निजामाच्या राज्यातील हैदराबाद व औरंगाबाद ही केंद्रे १ एप्रिल १९५० रोजी केंद्र सरकारच्या प्रसारणात विलीन झाली. विलीनीकरणाने यंत्रसामग्री सुधारली. पण जे श्रोते नव्या राज्याच्या भाषेचे नव्हते, त्यांचा हिशेब ठेवणे हे कोणा एका कचेरीचे काम राहिले नाही. इंदूर केंद्र २२ मे १९५५ रोजी, म्हणजे गीतरामायण ऐन भरात असताना, सुरू झाले. होळकरांच्या शहरातल्या मराठी घरांना तेथून जे मिळाले वा मिळाले नाही, त्याविषयी तिकडच्या कोणी लिहिले तर या लेखाला चांगली जोड मिळेल.

पणजीचे प्रकरण अधिक नाजूक. पोर्तुगिजांचे एमिसोरा द गोवा हे केंद्र १९४६ पासून चालू होते आणि मुक्तीनंतर अवघ्या काही आठवड्यांत आकाशवाणी त्या जागी आली. (पहिल्या रामनवमीला गाणारे सुधीर फडके त्याच्या आदल्या वर्षीच दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात प्रत्यक्ष उतरले होते, हे येथे आठवते.) पणजीच्या कार्यक्रमप्रमुखापुढे कोकणी आणि मराठी या दोन भाषा होत्या आणि दोन्ही ऐकणारा श्रोता पुष्कळदा एकच होता. सकाळचे भजन मराठी, दुपारची गाणी कोकणी, आणि दोन्हीकडे मान डोलावणारी तीच आजी. बाहेर सभांमधून भाषेचा वाद पेटलेला असताना, १९६७ च्या जनमत कौलाच्या आधी आणि नंतरही, दिवसाच्या तक्त्यात दोन्ही भाषांना जागा देत राहणे हे काम ज्यांनी केले, त्यांना दोन्ही बाजूंकडून बोलणी खावी लागली असणार. वाटणी मिनिटांची असते; पण लोक ती मानापमानाची समजतात, आणि पूर्णपणे चुकतात असेही नाही.

गीतरामायणाचे पुढे काय झाले हेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्याची भाषांतरे झाली ती कन्नड, तेलुगू, गुजराती, हिंदी, कोकणी, संस्कृत अशा भाषांत. यादीतली पहिली पाच नावे म्हणजे आपण ज्या ज्या भाषांच्या शेजारी राहतो त्यांचीच यादी आहे. पंधरा मिनिटांच्या वेळेसाठी मागितलेली गीते शेजाऱ्यांनी आपापल्या घरी नेली. मराठीची वेळ दिल्याने कोणाचे काही गेले नाही.

एक अनुभव सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण एका केंद्रावर निवेदन घेऊन गेलो होतो. केंद्राचे नाव देण्याचे कारण नाही. आठवड्यातून अर्धा तास मराठीला मिळावा, अशी मागणी. निवेदनात घटनेची कलमे होती, भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांचे दाखले होते, लोकसंख्येचे आकडे होते. तेथील अधिकारी कन्नडभाषक, वयस्क, मराठी समजणारे. त्यांनी सर्व शांतपणे वाचले आणि मोडक्या पण प्रेमळ मराठीत विचारले, "अर्धा तास मिळाला असे धरू. आमचा तक्ता तीन महिन्यांचा असतो. तेरा आठवडे. काय काय ऐकवणार, सांगा."

पहिला आठवडा आम्ही लगेच सांगितला : उद्घाटन, ज्येष्ठांचे मनोगत, एक समूहगीत. दुसऱ्या आठवड्यासाठी कोणी तरी कविसंमेलन म्हणाले. तिसऱ्यासाठी पुन्हा कविसंमेलन. मग कोणीच बोलेना. परतताना गाडीत आम्ही त्या अधिकाऱ्यावर बराच राग काढला. टाळण्याची ही नवी तऱ्हा, असे आमच्यातील एक जण म्हणाले आणि तेव्हा मला ते पटलेही होते. अर्धा तास मिळाला नाही. पण तो प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनातून गेलेला नाही, कारण हक्काचा प्रश्न आम्ही त्यांना विचारला होता आणि कार्यक्रमाचा प्रश्न त्यांनी आम्हाला.

तेव्हापासून एक वही केली आहे. खानापूर तालुक्यातील दोन गावांतल्या वयस्क बायकांच्या जात्यावरच्या ओव्या. एका सकाळी त्यांचे ध्वनिमुद्रण भ्रमणध्वनीवर केले, मागे कोंबडे आरवतात, पण चालेल. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतले शब्द आणि विडी कामगार बायकांच्या आठवणी. बेळगावच्या जुन्या पेठांतली नावे कशी पडली. पेटीच्या परंपरेवर दोन भाग, वादनासह. भालकीकडच्या घरांत मराठी, कन्नड आणि दखनी एका वाक्यात कशी येते, यावर एका शिक्षकाचे बोलणे. कारवारचे भजन. सीमाभागातल्या एका शाळेतील मुलांनी स्वतः लिहिलेली श्रुतिका. सतरा जानेवारीच्या आठवणी, भाषण नव्हे, त्या दिवशी तेथे असलेल्यांच्या घरातली माणसे बोलतील तशा.

मोजले तर नऊ शुक्रवार भरतात. चार अजून रिकामे आहेत.